सायकलच्या मागचा लाल दिवा

खोडदहून नारायणगावला जाताना दिवसा सगळं लख्ख दिसतं. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या तर लांबूनच नजरेत भरतात. मगरिबनंतर मात्र याच रस्त्यावर समोर चाललेली सायकल दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा एक विद्यार्थी शिकवणीहून घरी येत होता. मागून आलेल्या पिकअपचा धक्का बसून तो उसाच्या कडेला पडला. कोपर फुटलं, अल्लाहचा करम, तेवढ्यावर निभावलं. पिकअपवाल्यानेच त्याला घरी आणलं. "सर, पोरगं दिसलंच नाही," एवढंच तो म्हणत होता. मला राग आला होता. पण मुलाची सायकल पाहिली आणि गप्प बसलो. काळं जर्किन, काळं दप्तर, आणि कॅरिअरवरून लोंबणाऱ्या दप्तराखाली झाकलेला रिफ्लेक्टर!

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येते. सायकल दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एखादा सेकंद जातो. त्यात समोरून कुणी प्रखर दिवे लावून आला, तर काही क्षण त्याला काहीच दिसत नाही.

अनेक पालक म्हणतात, रिफ्लेक्टर आहे ना! पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. गाडीचा झोत त्यावर पडला तरच तो चमकतो. वळणावर झोत दुसरीकडे जातो, आणि चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. तो हवाच, पण त्याच्या जोडीला मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवा. पुढच्या दिव्याचा झोत थोडा खाली, रस्त्यावर ठेवावा. मागचा दिवा सीटखाली लावला की दप्तर, गवताचा भारा किंवा मुलींच्या बुरख्याचा घेर त्याला झाकतो. मागच्या मडगार्डवर तो उघडा राहतो. बुरखा घालणाऱ्या मुलींच्या दप्तरावर चमकपट्टी शिवून घेतली, तर फारच बरं.

माझ्या अब्बांच्या सायकलला डायनामो होता. चाक फिरेपर्यंतच उजेड. वळायला थांबले की दिवा विझायचा, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी! आताचे चार्जिंगचे दिवे सायकल थांबली तरी चालू राहतात.

त्या मुलाचं कोपर आता बरं आहे. त्याची अम्मी असरच्या वेळी मोबाइल काढून त्याच चार्जरला सायकलचा दिवा लावते. रमजानमध्ये तरावीहला जाताना तो दिवा धाकट्याच्या सायकलवर होता, आणि थोरला चालत गेला.