मका गेला, चुना राहिला

शिकागो, थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार

आज सकाळी फ्रीज उघडला आणि दार तसंच धरून उभी राहिले. वरच्या फळीवर टर्की, मधल्या फळीवर टर्की, आणि खाली, जिथे एरवी दह्याचं भांडं असतं तिथे, फॉइलमध्ये गुंडाळलेला टर्कीचा अख्खा सांगाडा. चौदा पौंडांचा, म्हणजे सहा किलोंहून जास्त वजनाचा पक्षी आणि खाणारी आम्ही चार माणसं. हिशेब आधी करता आला असता. पण "सगळ्यांकडे असते, आपल्याकडेच का नाही?" या मुलाच्या प्रश्नापुढे हिशेब टिकत नाही.

आज निम्मी अमेरिका अशीच फ्रीजपुढे उभी असेल. उरलेली अर्धी पहाटेपासून सेलच्या रांगेत. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. 1621 साली प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांनी आणि तिथल्या वांपानोआग लोकांनी एकत्र जेवण केलं, ही त्याची शाळेत शिकवली जाणारी कहाणी. राष्ट्रीय सण म्हणून त्याची घोषणा लिंकननं 1863 मध्ये, ऐन यादवी युद्धात केली आणि चौथा गुरुवार कायद्यानं पक्का झाला तो 1941 मध्ये. या सणाचं वाईट वाटणारेही आहेत. प्लिमथलाच 1970 पासून काही मूलनिवासी लोक हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात. ताटातली टर्की मात्र हटत नाही. चार कोटींहून अधिक पक्षी या एका सणाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न उरतो: उरलेल्याचं काय करायचं?

लग्नघरच्या बुंदीसारखी उरलेल्या टर्कीची गत होते. पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी डबे भरभरून वाटप, तिसऱ्या दिवशी कुणी नावही काढत नाही. कृषी खातं बजावतं की शिजलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. बहुतेक घरांत मग सँडविच होतात. आमच्या घरात ती खालच्या मजल्यावर जाते.

शिकागोत 'थ्री-फ्लॅट' म्हणून ओळखली जाणारी घरं आहेत. विटांची, तीन मजली, मजल्यागणिक एक बिऱ्हाड. पुढून रुबाबदार, मागे मात्र लाकडी जिना आणि गॅलऱ्या, थेट चाळीची आठवण यावी अशा. त्या जिन्यावरून वास वर-खाली हिंडतात आणि वासांच्या मागोमाग वाट्या. आमच्या खाली राहतात त्या सेन्योरा मेक्सिकोतल्या. माहेर गेरेरोचं, सासर हालिस्कोचं. वर एक निवृत्त कृष्णवर्णीय बाई राहतात. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या शहरांत आले, त्या लोंढ्यात त्यांचे आईवडील मिसिसिपीहून इथे आले.

सांगाडा घेऊन मी खाली गेले तर सेन्योरा तयारीतच होत्या. "काल रात्रीच मका चुन्यात उकळून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे टर्की उरणार हे मला ठाऊक होतं, वेसीना." वेसीना म्हणजे शेजारीण. बेत होता पोसोलेचा: टपोऱ्या, फुललेल्या मक्याचा मांसाच्या रश्श्यातला दाटसर प्रकार. गेरेरोत गुरुवार हा पोसोलेचा वार. "इथे गुरुवार तुमच्या टर्कीनं अडवला, म्हणून माझा पोसोले शुक्रवारवर गेला."

एरवी तो डुकराच्या मांसाचा करतात. माहेरच्या पद्धतीनं केला तर हिरवा, भोपळ्याच्या बिया वाटून घातलेला. सासरच्या पद्धतीनं केला तर लाल. आज लाल ठरला, कारण टर्कीला भाजताना मी सेज आणि थाइमचा मारा केला होता. सेन्योरांनी सांगाडा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "या ग्वाहोलोतेला आधी त्याच्या गावाची आठवण करून द्यायला हवी."

ग्वाहोलोते हे टर्कीचं मेक्सिकोतलं नाव, आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं. हा पक्षी माणसाळला तो मेक्सिकोत. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात नेला आणि मग नावांचा जो गोंधळ झाला तो विचारू नका. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला, फ्रेंचांना हिंदुस्थानचा. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'. प्रत्येकाला तो दुसऱ्याच कुणाच्या गावचा वाटला. आपल्याकडे तो गोव्याच्या बंदरातून आला. जहांगीरचा सरदार मुकर्रब खान यानं 1612 च्या सुमारास गोव्याहून नवलाईच्या ज्या वस्तू दरबारात नेल्या, त्यांत एक टर्की होती. बादशहाच्या हुकमावरून उस्ताद मन्सूरनं तिचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत आले तेव्हा सोबत पाळीव टर्की घेऊन आले, म्हणजे मेक्सिकोचा पक्षी अटलांटिक दोनदा ओलांडून परतला. आज सुपरमार्केटात मिळते ती त्याच वंशातली.

तोवर सेन्योरांनी सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घातला होता. सोबत अर्धा कांदा, लसणाचा गड्डा, तमालपत्र. मंद आचेवर तीन तास. आणि मला बसवलं मक्यापुढे.

हा मका आपल्या भुट्ट्याचा नव्हे. काकाउआसिंत्ले नावाची जात, दाणा पांढरा आणि पावट्याएवढा. एक किलो कोरड्या मक्याला दोन मोठे चमचे चुना, खाण्याचा, भिंतीचा नव्हे. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, साल सुटू लागलं की आच बंद करून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी चोळचोळून धुतले की सालं पाण्याबरोबर वाहून जातात. आमच्याकडे गव्हाच्या खिरीसाठी आजी गहू ओलवून उखळात सडायची. इथे सडायचं काम चुना करतो. त्यानंतरचं काम मात्र हातांचंच. प्रत्येक दाण्याचं टोकाकडचं टणक टोपण नखानं खुडायचं. ते काढलं की दाणा शिजताना फुलासारखा उमलतो. मी शंभरेक दाण्यांनंतर हळूच विचारलं, डब्यातला मका आणला असता तर? "चालतो की," सेन्योरा म्हणाल्या. "पण मग आपण गप्पा कधी मारायच्या?"

डब्यातल्या मक्याला इथे होमिनी म्हणतात. तोही याच पद्धतीनं सोललेला असतो. या प्रक्रियेचं नाव नाहुआत्लच: निश्तामाल. त्यात 'नेश्तली' म्हणजे राख. चुना नसेल तिथे राखेनंही हेच काम होतं. सेन्योरांच्या लेखी चुन्यानं साल निघतं, चव येते, दाणा फुलतो आणि विषय संपतो. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं जखडलेलं असतं की आपल्या आतड्यांना ते सुटत नाही. चुना ते मोकळं करतो. मेक्सिकोतल्या बायकांनी हजारो वर्षं, नायसिन हा शब्दही न ऐकता, मक्याला चुना लावला आणि पिढ्या मक्यावर पोसल्या.

युरोपीय लोकांनी मका नेला आणि चुना मागे ठेवला. स्वस्त, भरघोस पीक गरिबांच्या ताटात गेलं आणि त्याच्या मागोमाग रोग आला. उन्हात कातडी भाजल्यासारखी होई, मग जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. 1735 मध्ये स्पेनच्या आस्तुरियासमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं त्याची नोंद केली. पोलेंटा खाणाऱ्या उत्तर इटलीनं त्याला नाव दिलं: पेलाग्रा, खरखरीत कातडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला. कापसाच्या शेतांवर आणि गिरण्यांत राबणारी गरीब माणसं यंत्रावर दळलेलं, कोंब काढलेलं मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर जगत होती. आपल्याकडे 'चुना लावणं' म्हणजे फसवणं. इथे चुना न लावल्यामुळे लाखभर माणसं गेली.

डॉक्टर जंतू शोधत होते. सरकारी आरोग्यसेवेतल्या जोसेफ गोल्डबर्गर यांना 1914 मध्ये एवढंच दिसलं की अनाथाश्रमांत आणि इस्पितळांत रोग होतो तो आत राहणाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना नाही. संसर्ग माणूस बघून थोडाच होतो? मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या दोन अनाथाश्रमांत त्यांनी दूध, अंडी, मांस वाढवलं आणि रोग ओसरला. औषध नायसिन आहे हे 1937 मध्ये कळलं. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवरच दिवस काढणाऱ्यांतही पेलाग्रा आढळला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा मागोवा घेतला. ज्वारीतली गोम निराळी आहे. ताट एकाच धान्याचं झालं की शरीर हिशेब मागतं, हे मात्र तेच.

दुपारी दाणे रश्श्यात पडले. आणखी दोन-अडीच तास. दरम्यान ग्वाहियो मिरच्या. तोंडावळा थेट आपल्या ब्याडगीचा: रंग ढीगभर, तिखटपणा बेताचा. आठ ग्वाहियो, दोन आंचो, बिया काढून तव्यावर क्षणभर शेकलेल्या, गरम पाण्यात भिजवून लसूण-कांद्याबरोबर वाटलेल्या. वाटण गाळून, तेलात परतून रश्श्यात. सेजचा वास हळूहळू मावळला. टर्कीचं मांस शेवटच्या दहा मिनिटांत घातलं, तेही फक्त उलगडून. छातीचं मांस आधीच कोरडं असतं, पुन्हा शिजवलं की सुतळी.

वाढायची रीत सांगायला मिसळीइतकं जवळचं दुसरं काही नाही. खाली रटरटता लाल रस्सा, वर चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा, बोटांनी चुरडलेला ओरेगानो. लिंबू ज्याचं त्यानं पिळायचं. पावाच्या जागी तोस्तादा, म्हणजे कुरकुरीत तळलेली मक्याची रोटी.

वरच्या बाईंनाही वाटी गेली आणि वाटीमागून त्याच खाली आल्या. एक दाणा चमच्यात धरून बघत होत्या. त्यांच्या आजीकडे, मिसिसिपीत, अंगणात राखेचं एक पिंप असे. राखेच्या निवळीत मका उकळून आजी होमिनी करी. त्या भागातल्या मूलनिवासींकडून गोऱ्या-काळ्या शेतकरी घरांत आलेली ही रीत. पुढे दुकानातलं तयार पीठ स्वस्त झालं आणि पिंप परसात फुटून गेलं. "आजी म्हणायची, राखेचा मका खाणारं पोर आजारी पडत नाही. आम्ही हसायचो."

सेन्योरांना हे इंग्रजीतून नीट कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी बाईंच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.

निघताना त्यांनी मला उरलेल्या पोसोलेचा डबा दिला. म्हणजे उरलेल्यातूनही उरलंच. मी तो घेतला, आणि दुसरी एक रिकामी डबी पुढे केली: चिमूटभर चुना द्या. मका आणि मिरच्या सव्विसाव्या रस्त्यावरच्या मेक्सिकन दुकानांत मिळतील, टर्की तर काय, चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. डबी आता माझ्या मसाल्याच्या कपाटात आहे. आजीची पानाची चंची इथे यायची राहिली. चुना तेवढा आला.