घर विकायचे, पण खोल्यांचे फोटो द्यायचे नाहीत?

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात विकाऊ घरांच्या जाहिराती आता मोबाइलवर फिरतात. नव्याण्णव एकर्स, मॅजिकब्रिक्स, ओएलएक्स यांसारख्या ठिकाणी आणि दलालांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नव्या जाहिराती पडतात. त्यांतील बऱ्याच जाहिरातींचा साचा एकच असतो. इमारतीचा दर्शनी भाग, फाटकावरील नावाची पाटी, फार तर गच्चीवरून काढलेला एखादा देखावा, आणि खाली ‘वन बीएचके, स्टेशनपासून दहा मिनिटे, किंमत बसून बोलू’. ज्या खोल्यांत माणसाला उभा जन्म काढायचा, त्यांचा मात्र एकही फोटो नसतो. अशा जाहिरातीने गिऱ्हाईक बिचकते का, हा प्रश्न आम्ही आज व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांचे मोठे भांडवल घरातच अडकलेले असते. मुलासाठी गाळा घ्यायचा, नवे मशीन आणायचे, भावांच्या वाटण्या करायच्या किंवा व्यापाऱ्याची देणी भागवायची असली की घर विकायला निघते. ते चार महिने पडून राहिले तर पुढचा सगळा हिशेब चार महिने लांबतो. घेणाऱ्याचीही गोष्ट तीच. दुकान बंद ठेवून किंवा दिवसाची मजुरी बुडवून तो घर पाहायला येतो. फुकट फेरी त्याला परवडत नाही.

गिऱ्हाईक एका प्रकारचे नाही

आपल्या भागात घर घेणारे साधारण तीन प्रकारचे आहेत. पहिला गावातलाच. तो इमारत ओळखतो, बांधणारा कोण हे जाणतो, त्याच जिन्यावर त्याचा कोणी नातेवाईक राहत असतो. त्याला फोटोची गरज नाही. संध्याकाळी चालत येऊन तो घर पाहून जातो.

दुसरा मुंबईच्या उपनगरांतला. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून जोगेश्वरी, मालाड, नालासोपारा इकडची कुटुंबे पालघर-बोईसरकडे पाहू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि सरकारी कचेऱ्या येथे आल्या. पुढे बुलेट ट्रेनच्या मार्गावर बोईसरचे स्थानक ठरले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो वाद वेगळा. येथे सांगायचे एवढेच की या घडामोडींमुळे दूरच्या माणसाची नजर या भागाकडे वळली. चर्चगेटहून बोईसर सुमारे शंभर किलोमीटर. विरारनंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी स्थानके मागे टाकीत तो येतो, तेव्हा त्याचा रविवार संपलेला असतो. एका रविवारी तो दोन, फार तर तीन घरे पाहील. ती कोणती, हे तो आदल्या रात्री मोबाइलवर ठरवतो.

तिसरा आखातात नोकरी करणारा. कुवेत, दुबई, सौदीत राहून तो गावाजवळ घर घेतो. तो स्वतः येऊ शकत नाही. भाऊ किंवा मेहुणा घर पाहतो, गरज पडल्यास कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होतो. पण पैसा पाठवणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना घर दिसते ते फोटोतच.

म्हणजे खोल्यांचे फोटो नसले तर पहिले गिऱ्हाईक फारसे हलत नाही. दुसरे आणि तिसरे हलते. आपले गिऱ्हाईक कोणते, हे विक्रेत्याने आधी ठरवावे.

रिकामी जागा गिऱ्हाईक स्वतः भरते

कापडाच्या दुकानात ठाणाची घडी उलगडायला दुकानदाराने नकार दिला, तर गिऱ्हाईक काय समजेल? आत डाग आहे असेच समजेल. घराचेही तसेच. दहा जाहिरातींपैकी आठांत स्वयंपाकघराचा ओटा दिसतो आणि दोनांत दिसत नाही, तेव्हा त्या दोन घरांचा ओटा फुटका आहे असे पाहणारा धरून चालतो. ओटा कदाचित नवा कोराही असेल, पण ते त्याला कळणार कसे?

अर्थशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट तपासली आहे. १९७० साली अमेरिकेच्या जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की मालाची खरी अवस्था फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो आणि चांगल्या मालाचा मालक बाजारातून मागे सरतो. या विषयावरील कामासाठी २००१ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल मिळाले. १९८१ साली सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रोम यांनी पुढची पायरी मांडली. जो माहिती देऊ शकतो आणि देत नाही, त्याच्याविषयी शहाणा गिऱ्हाईक वाईटच तर्क करील. म्हणून चांगल्या मालाच्या मालकाने बोलावेच.

तरीही लपवणाऱ्याचे कधी कधी फावते, हेही खरे आहे. जिंजर जिन, मायकेल लुका आणि डॅनियल मार्टिन यांनी प्रयोगशाळेत माणसे बसवून हा खेळ करून पाहिला आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. गप्प बसणाऱ्याविषयी जेवढा संशय घ्यायला हवा तेवढा लोक घेत नाहीत, असे त्यांना आढळले. मग घर विकणाऱ्याने गप्प राहून नशीब का आजमावू नये?

याचे उत्तर व्यवहारातच आहे. घर न पाहता विसार देणारा विरळा. फोटोत न दिसलेली ओल प्रत्यक्ष भेटीत दिसतेच, आणि तेव्हा गिऱ्हाईकाच्या मनात ओलीपेक्षा लपवल्याचा राग मोठा असतो. मग तो नळही उघडून पाहतो, फरशीही ठोकून पाहतो आणि भाव पाडून मागतो. लपवणाऱ्याच्या पदरी विक्री पडत नाही, फुकटच्या भेटी पडतात. ज्याला ती ओल चालली असती, तो मात्र फोटोच नाही म्हणून आलेलाच नसतो.

फोटो न देण्याची कारणे

सगळेच विक्रेते लबाड नसतात. आमच्या पाहण्यात चार कारणे येतात आणि प्रत्येकावर उपाय आहे.

पहिले कारण ओल. किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी या भागात भिंती फुगतात, वरच्या मजल्याचा स्लॅब गळतो, लोखंडी ग्रिल गंजतात. विक्रेत्याला वाटते, फोटो दिला तर कोणी येणार नाही. दुरुस्ती करता येत असेल तर करावी, पावती जपून ठेवावी आणि दुरुस्तीनंतरचा फोटो द्यावा. नुसता रंग मारून फोटो काढू नये, पहिल्या पावसात सत्य बाहेर येते. दुरुस्तीचा खर्च पेलत नसेल तर त्या भिंतीचाही फोटो द्यावा आणि ‘किंमत ही बाब धरून’ असे लिहावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ येथे ध्यानात ठेवावे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष मिळकतीत किंवा मालकीहक्कात असेल, तर तो सांगणे, वेगळा करार नसल्यास, विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे हे कायदा कपट मानतो.

दुसरे कारण भाडेकरू. बोईसरच्या अनेक सदनिकांत औद्योगिक वसाहतीतले कामगार भाड्याने राहतात. त्यांच्या बिछान्यांचे, कपड्यांचे फोटो परवानगीवाचून काढणे बरे नाही. शहाणा घरमालक भाडेकरू बदलताना रिकाम्या घराचे फोटो काढून ठेवतो. ते वापरावेत, पण फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे लिहावे.

तिसरे कारण घरातला धंदा. चिंचणी-वरोर बाजूला डायमेकिंग घराघरांत चालते. इतरत्र शिलाई, जरीकाम, सुतारकाम चालते. खोलीत मशीन आणि माल पसरलेला असतो, म्हणून फोटो टाळला जातो. एका रविवारी माल एका बाजूला करावा, फोटो काढावेत. उलट मशीन चालणारी खोली ही एखाद्या कारागीर गिऱ्हाईकाला हवीच असते. विजेचे मीटर आणि जोडणी कोणती, हे त्याला आवर्जून सांगावे.

चौथे कारण पडदा. घरात बायामाणसे राहतात, त्यांच्या खोल्या परक्या माणसांच्या मोबाइलवर फिरू नयेत, असे अनेक कुटुंबांना वाटते. ही भावना रास्त आहे आणि विक्रीसाठी ती मोडण्याची गरज नाही. फोटो घरातल्या बाईनेच काढावेत. त्यात माणूस, कपडे, कुटुंबाची छायाचित्रे, औषधे, कागदपत्रे काही नसावे. ते जाहिरातीत न टाकता विचारणा करणाऱ्यालाच पाठवावेत. तेही नको असेल तर कागदावर घराचा साधा नकाशा काढून खोल्यांची मापे लिहावीत आणि त्या नकाशाचा फोटो टाकावा. खाली एक ओळ घालावी, ‘घरात कुटुंब राहते, आतील फोटो विचारणा करणाऱ्यास स्वतंत्र पाठवू.’ एवढ्या एका ओळीने गप्प जाहिरातीचा अर्थ बदलतो. गिऱ्हाईकाला कारण कळले की त्याचा तर्क थांबतो.

फोटो कसे आणि कोणते

भारी कॅमेऱ्याची गरज नाही. दिवसाउजेडी, खिडक्या उघडून, दिवे लावून, खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून छातीच्या उंचीवरून फोटो काढावा. प्रत्येक खोलीचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन फोटो पुरतात. मोबाइलमधील रुंद भिंगाने दहा फुटांची खोली पंधरा फुटांची दिसते, ते टाळावे. ओटा आणि मोरी, न्हाणीघर, संडास, खिडकीबाहेर काय दिसते, वरचा मजला असल्यास छत, जिना किंवा लिफ्ट हे फोटो हवेतच. गिऱ्हाईक सर्वांत आधी न्हाणीघर आणि ओटा शोधते आणि विक्रेता नेमके तेच गाळतो.

फोटोखाली मापे द्यावीत. ‘६०० फूट’ एवढे लिहून भागत नाही, ते कार्पेट की बिल्टअप हे सांगावे. ठिकाणही नीट लिहावे. आपल्याकडे ‘तारापूर’ म्हटले की कोणाला चिंचणीजवळचे गाव आठवते, कोणाला १९६९ पासून वीज देणारा अणुप्रकल्प, तर कोणाला बोईसरला लागून असलेली औद्योगिक वसाहत. बाहेरच्या माणसाचा यात गोंधळ उडतो आणि स्टेशनवर उतरल्यावर तो चिडतो.

नव्या इमारतीची गोष्ट वेगळी

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत खोलीचा खरा फोटो असूच शकत नाही. तेथे संगणकावर काढलेली चित्रे आणि नमुना घर दाखवतात. येथे धोका उलटा आहे, फोटो कमी नसून जास्त असतात. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील किंवा नमुना घरातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास त्याला भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परतही मागता येतात. म्हणून ती जाहिरात जपून ठेवावी. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो मोबाइलने उघडून प्रकल्पाची नोंद पाहावी.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

फोटो नाहीत म्हणून घर सोडून देऊ नका. आधी फोन करून फोटो मागा. उत्तर कसे येते ते पाहा. ‘घरात भाडेकरू आहे, रविवारी काढून पाठवतो’ हे एक उत्तर झाले, आणि ‘फोटो कशाला, येऊन बघा, आजच विसार द्या’ हे दुसरे. पहिल्याकडे जरूर जा. ज्या घराला फोटोअभावी गिऱ्हाईक कमी, तेथे भावही कधी बरा जमतो.

मात्र फोटो कितीही सुंदर असले तरी त्यांत कागद दिसत नाहीत. जमीन बिनशेती आहे का, बांधकामाची मंजुरी कोणी दिली, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आधीचे खरेदीखत आणि इंडेक्स टू कोणाच्या नावावर आहेत, सोसायटीची थकबाकी किती, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. जमीन आदिवासी खातेदाराची होती का, हेही या जिल्ह्यात विचारलेच पाहिजे.

विकणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की खोलीचा फोटो देता येत असेल तर द्या, आणि देता येत नसेल तर का ते लिहा. दुरून येणारा माणूस भाड्याचे पैसे आणि एक रविवार खर्चून तुमच्या दाराशी येतो. दार उघडल्यावर त्याला जे दिसणार आहे, ते आधीच सांगणाऱ्याच्या दारात तो येतो आणि बोलणीही नीट होतात.