शीतगृह आणि व्यजन : वातानुकूलनाबरोबर पंख्याचा युक्तिपूर्वक वापर

ग्रीष्म ऋतू सुरू झाला की चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "वैद्यराज, एसीत झोपले तर चालेल का?" अनेकदा आपण "शक्यतो नको" असे सांगतो. रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन एसी लावतोच. त्यापेक्षा एसी व पंखा यांचा एकत्र वापर कोणी, केव्हा आणि किती मात्रेत करावा, हे सांगणे अधिक हितावह ठरेल. औषधालयाच्या मालकांच्या दृष्टीने तर या विषयाला आणखी एक बाजू आहे.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ग्रीष्मचर्येमध्ये दिवसा शीतगृहातील निद्रा आणि चंदनोदकाने शीतल केलेल्या व्यजनांचा वारा, असे दोन्ही उपाय सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यजनाचा वारा शोष, दाह, श्रम, स्वेद व मूर्च्छा यांचा नाश करणारा मानला आहे. त्याच अध्यायात प्रवातामुळे रूक्षता, वैवर्ण्य आणि स्तंभ उत्पन्न होतात, असेही ते सांगतात. सुखकर वारा ग्रीष्मात व शरदात सेवन करावा, निवात स्थान मात्र सर्वकाळ आरोग्यदायी, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजेच शैत्य व वायूची गती या दोन भिन्न गोष्टी असून प्रत्येकीची मात्रा स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

दोन यंत्रांची भिन्न कार्ये

एसी खोलीतील उष्णता बाहेर टाकतो आणि त्याच्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्प पाणी होऊन निथळते. त्यामुळे हवा थंड व कोरडी होते. पंखा यांपैकी काहीच करत नाही. तो केवळ हवा हलवतो. त्वचेलगतचा उष्ण थर दूर होतो, घाम लवकर सुकतो आणि शरीराला गारवा वाटतो. खोलीचे तापमान त्यामुळे उतरत नाही. उलट पंख्याच्या मोटरची थोडी उष्णता खोलीत मिसळते. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणे निरर्थक आहे.

पंख्याच्या मंद वाऱ्यामुळे साधारण दोन ते तीन अंश अधिक तापमानातही तितकेच सुख वाटते. म्हणजे २४ अंशांऐवजी २६-२७ अंशांवर एसी ठेवता येतो. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशेबानुसार तापमान एक अंशाने वाढवल्यास एसीच्या विजेत सुमारे ६ टक्के बचत होते. समजा, एसी तासाला सरासरी एक युनिट, म्हणजे १००० वॅट-तास वीज घेतो. तीन अंश वाढवल्यास सुमारे १८० वॅट-तास वाचतात. साधा पंखा त्यांतील ७५ घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे ३०. मात्र एसी २० अंशांवर ठेवून वर पंखाही वेगाने फिरवला, तर वीज आणि वात दोन्ही वाढतात.

रुग्णांना द्यावयाच्या सूचना

एसीची झडप वरच्या दिशेला ठेवावी, म्हणजे थंड झोत अंगावर न येता पंखा तो खोलीभर पसरवील. पंखा मंद गतीवर असावा व डोके त्याच्या थेट खाली नसावे. रात्रीचा अंतिम प्रहर वातप्रधान असतो. त्यामुळे पहाटेपूर्वी एसी बंद होईल अशी वेळ लावावी व अंगावर सुती पांघरूण ठेवावे.

पित्तप्रकृतीच्या, दाह व अतिस्वेद असलेल्या रुग्णास ही योजना सहसा मानवते. मन्यास्तंभ, संधिवात, जीर्ण प्रतिश्याय असलेल्यांनी, तसेच बाल, वृद्ध, कृश व सूतिका यांनी थेट वारा टाळावा. त्यांच्यासाठी तापमान आणखी वर ठेवावे. स्नेहपान, स्वेदन वा नस्य चालू असताना निवाताचा नियम शिथिल करू नये. अभ्यंग-स्वेदनाच्या खोलीतील पंखा बंद असावा, हे परिचारकांनाही बजावून ठेवावे.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी. घरगुती स्प्लिट एसी वा पंखा बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. दोन्ही आतलीच हवा फिरवतात. कास-श्वासाचे रुग्ण बसतात त्या प्रतीक्षाकक्षाच्या खिडक्या अधूनमधून उघडणे आवश्यक आहे.

औषधालयातील विचार

येथे सर्वांत अधिक गल्लत होते. पंख्याखाली २७ अंशांत बसलेल्या विक्रेत्याला गार वाटते. फडताळातील बाटलीला मात्र घाम येत नाही, म्हणून पंख्याने तिला थंडावाही मिळत नाही. ती २७ अंशांवरच राहते. भारतीय औषधसंहितेत 'थंड' म्हणजे ८ ते २५ अंश अशी व्याख्या आहे. तेव्हा 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' या सूचनेचे पालन होते की नाही, हे स्वतःच्या सुखावरून ठरवू नये. साठ्याच्या खोलीत तापमापक व आर्द्रतामापक टांगावा आणि दिवसातून दोनदा नोंद करावी. दुकान बंद करताना एसी बंद व पंखा चालू ठेवल्याने औषधांचे काहीही रक्षण होत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, वातानुकूलित खोलीतून काढलेली गार बरणी दमट हवेत लगेच उघडल्यास आत दव धरते. लवणभास्कर, सितोपलादी यांसारखी लवण वा शर्करायुक्त चूर्णे आणि क्षार ओलावा चटकन शोषतात, त्यांचे खडे होतात. बरणी बाहेरच्या हवेइतकी उबदार झाल्यावरच झाकण काढावे. पुड्या बांधताना व तराजू वापरताना पंखा बंद ठेवावा. अन्यथा वजन चुकते, सूक्ष्म चूर्ण उडते व एका औषधाचा अंश दुसऱ्यात मिसळतो.

सारांश, पंखा माणसासाठी आहे, औषधासाठी नव्हे. माणसासाठीही तो प्रकृती, ऋतू व व्याधी पाहूनच योजावा. रुग्णाला सरसकट नकार देण्याऐवजी तापमानाचा आकडा, पंख्याची गती आणि झोपण्याची जागा, या तीन गोष्टी चिकित्सापत्रावर लिहून दिल्यास सल्ला पाळला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.