थेंब वाळतो कसा?

ग्वाल्हेर-इंदूरकडच्या जुन्या वाड्यांतून उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावीत व त्यांवर पाणी शिंपडीत. तेच पडदे पणजीस लावले, तर सुवास दरवळेल. गारवा मात्र बेताचाच मिळेल. पाणी तेच, वाळाही तोच. फरक आहे तो हवेत.

थेंबाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू अखंड निसटत असतात आणि हवेतील बाष्पाचे काही रेणू त्यात परतत असतात. जाणारे अधिक असतील तरच थेंब वाळतो. निसटलेल्या बाष्पास हवेच्या रेणूंच्या गर्दीतून धक्के खात वाट काढावी लागते. त्यामुळे थेंबाभोवती दमट हवेचे एक वेष्टण राहते. वारा ते पातळ करतो, म्हणून वाऱ्यावर कपडे लवकर वाळतात.

पण बाष्प होण्यास उष्णता लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे: एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. ती प्रथम थेंबातूनच खर्ची पडते व थेंब थंड होतो. मग भोवतालच्या उष्ण हवेतून उष्णता त्याच्याकडे वाहू लागते. ही आवक आणि बाष्पाबरोबरची जावक यांचा मेळ बसला, की थेंबाचे उष्णतामान स्थिरावते. या मेळाचे गणित मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८७७ साली मांडले. हे उष्णतामान मोजण्याची युक्ती साधी आहे: उष्णतामापकाच्या गोळ्यास ओले फडके गुंडाळून त्यावर वारा येऊ द्यायचा.

ग्वाल्हेरच्या एखाद्या दुपारी उष्णतामान ४२ अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असली, तर ओले फडके सुमारे २४ अंशांपर्यंत उतरते. पणजीस ३३ अंश व ७५ टक्के असताना ते २९ अंशांवरच अडते. एकीकडे १८ अंशांची उतराई, दुसरीकडे जेमतेम ४ अंशांची! कूलर लावून खिडक्या मिटून घेणारा गृहस्थ आपल्या खोलीत पणजीचीच हवा तयार करीत असतो.

घामाच्या थेंबाची गोष्ट थोडी निराळी. त्यास शरीर आतून उष्णता पुरवीत असते व त्वचेचे उष्णतामान साधारण ३५ अंश असते. म्हणूनच पणजीतही घाम वाळतो, मात्र सावकाश. बराचसा नुसताच ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने शरीर निवत नाही. ओल्या फडक्याचे उष्णतामानच ३५ अंशांवर गेले, तर सावलीत, पंख्याखाली बसलेल्या निरोगी माणसाचीही उष्णता बाहेर पडेनाशी होते. ही मर्यादा शेरवूड व ह्यूबर यांनी २०१० साली दाखविली. पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, दमट हवेत तरुण व निरोगी माणसांचे शरीरही ३१ अंशांच्या आसपासच तापू लागल्याचे आढळले. वृद्धांची सहनशक्ती याहून कमी असते. पावसापूर्वीच्या कोंदट दिवसांत किनाऱ्यावरील ३४ अंश पाहून ‘आज ऊन फारसे नाही’ म्हणणाऱ्यांनी घरातल्या वृद्धांकडे म्हणूनच लक्ष ठेवावे.