औषध सापाला, पण खरा इलाज पेटीचा

भातकापणी सुरू झाली की भोर-वेल्ह्यात खाचरात नाहीतर पेंढ्याच्या गंजीत धामण हमखास निघते. नीट पाहिलं तर कधीकधी तिच्या खवल्यांच्या फटीत, डोळ्याच्या कडेला राखाडी दाणे चिकटलेले दिसतात. मग कुणी म्हणतं, साप किडला, रॉकेल ओता. कुणी चिमट्याने दाणे उपटायला बघतं. दोन्ही चूक. ते दाणे बहुधा गोचिडी असतात. रानातल्या सापांवर, घोरपडींवर त्या नेहमीच असतात आणि चार-दोन गोचिडींनी धडधाकट साप मरत नाही. हिसका देऊन गोचीड उपटली, तर तिची सोंड कातडीत अडकते आणि जखम चिघळते. रॉकेल आणि फिनाईल तर सापालाच विषारी.

घरी पेटीत पाळलेल्या सापावरचे माइट निराळे. हे किडे खसखशीएवढे, रक्त पिऊन काळे झालेले. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसला, तर ‘त्याला उकडतंय’ असं समजू नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने त्याचं अंग पुसा. फडक्यावरचे काळे ठिपके चालू लागले, तर ते माइटच.

‘साप पाण्यात बुडवला की किडे गेले’ हा सगळ्यात घट्ट गैरसमज. सापाचं डोकं पाण्याबाहेर असतं, आणि किडे तिथेच डोळ्यांभोवती जमतात. शिवाय अंडी सापाच्या अंगावर नसतातच. ती पेटीच्या कोपऱ्यात, लाकडाच्या भेगेत, झाकणाच्या खाचेत असतात. एक मादी 60-80 अंडी घालू शकते, आणि उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून आतला भुसा आणि लाकूड पिशवीत बांधून टाकून द्या, पेटी कढत पाण्याने धुऊन कोरडी करा, तळाला साधा कागद घाला आणि तो रोज बदला. हे काही आठवडे चालू ठेवा. औषध मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकानेच, सापाचं वजन बघून द्यावं. गुरांना टोचतात ते आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेतं. मात्रा चुकली तर सापाचाही.

पेटीचं हे सगळं नोंदणी केलेल्या परदेशी सापांसाठी. धामण, नाग, अजगर घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘बरा करून सोडतो’ ही सबब चालत नाही. सर्पमित्रांना एवढीच विनंती, एका सापाची पिशवी न उकळता दुसऱ्याला वापरू नका. आणि घरात, गोठ्यात साप निघाला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.