बटण दाबल्यावर काय कळलं?

कोविडच्या साथीत स्वयंसेवकांनी चालवलेलं ‘कोविड१९इंडिया’ हे संकेतस्थळ ऑक्टोबर २०२१अखेर थांबलं. तिथल्या आलेखांवर लॉगरिदमिक मापनाचं एक छोटंसं बटण होतं. साध्या मापनात महाराष्ट्राची रेषा पाहिली, तर सुरुवातीचे महिने तळाशी चपटे दिसत आणि साथ एकाएकी उसळल्यासारखी वाटे. बटण दाबलं की शंभरावरून हजारावर जायला आणि दहा हजारांवरून लाखावर जायला सारखीच उंची मिळे. आकडे तेच, पण प्रश्न बदलला: रुग्ण किती, हे मागे पडून ते किती पटीनं वाढताहेत, हे पुढे आलं. हाताळता येणाऱ्या आलेखाची माझ्या लेखी परीक्षा एवढीच. हात लावल्यावर वेगळ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तो कामाचा, नाहीतर नुसती आतषबाजी.

त्या आलेखांमागे डी३ ही मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट लायब्ररी होती. माइक बोस्टॉक, वादिम ओगिएव्हेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी ती २०११मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडली. गंमत म्हणजे एका फटक्यात स्तंभालेख काढून देणारी आज्ञाच तिच्यात नाही. तिचं मर्म वर्गातल्या हजेरीसारखं आहे. आकड्यांची नवी यादी आली की ती पडद्यावरच्या आकृत्यांशी ताडून पाहायची. यादीत आहे पण पडद्यावर नाही, त्याच्यासाठी नवी आकृती. दोन्हीकडे आहे, त्याला नव्या जागी सरकवायचं. यादीतून गेला, त्याला पुसायचं. ही ताडणी नावानं करा असं सांगितलं नाही, तर डी३ निव्वळ क्रमानं जोड्या लावते. मग यादीचा क्रम बदलला की डोळ्यांदेखत पुण्याची पट्टी नागपूरची होऊन बसते! सुबक हालचाल आणि साफ खोटा अर्थ, अशी ही चूक पटकन ध्यानातही येत नाही.

डी३चं कौतुक करताना जॉन टुकी मात्र विसरला जातो. ‘बिट’ या शब्दाचा हा जनक १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्याच कणत्वरक केंद्रात मेरी अ‍ॅन फिशरकेलर आणि जेरोम फ्रीडमन यांच्यासह ‘प्रिम-९’ ही प्रणाली घडवत होता. नऊ मितींपर्यंतची माहिती पडद्यावर फिरवायची, हवे ते बिंदू वेगळे काढायचे, नको ते झाकायचे. ब्राउझर तर सोडाच, घरगुती संगणकही तेव्हा नव्हता. फिरवल्याशिवाय जी रचना दिसणारच नाही, तिच्यासाठीच हा खटाटोप होता.

यावर खरा आक्षेप असा, की वाचक बटणं दाबतच नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आलेख विभागातल्या आर्ची त्से यांनी २०१६मध्ये जवळपास हेच बजावलं होतं, आणि बोस्टॉक स्वतः त्याच विभागात काही वर्षं काम करून गेला होता. आक्षेप मान्य, पण त्यातून निघतं ते इतकंच, की मुख्य मुद्दा काही न दाबता दिसला पाहिजे. बटण पुढच्या प्रश्नासाठी. डी३ अवघड आहे ही तक्रारही रास्त. म्हणूनच बोस्टॉकच्याच चमूनं २०२१मध्ये साध्या आलेखांसाठी ‘ऑब्झर्व्हेबल प्लॉट’ काढलं, आणि रोजच्या कामाला ते पुरतं. माउस वर नेल्याशिवाय आकडा न दाखवणाऱ्या आलेखांची बाजू मात्र घेववत नाही. आपल्याकडे बहुतेक जण ते मोबाइलवर पाहतात, आणि तिथे माउसच नसतो.