पदवीनंतरचा मार्ग : प्रकृती पाहूनच निवडावा

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व १ वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून बी.ए.एम.एस. पदवी हाती आली, की घरच्या दवाखान्यात बसायचे, हा निर्णय अनेकदा मुलांचा नसून वडीलधाऱ्यांचा असतो. रुग्णाची प्रकृती पाहिल्याशिवाय आपण औषध योजत नाही. मग पाल्याची प्रकृती न पाहता त्याचा व्यवसाय का ठरवावा? मन नसलेल्या वैद्याची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.

चरकाचार्यांनी वैद्याच्या गुणांत शास्त्रज्ञानाबरोबरच प्रत्यक्ष अनुभव, दक्षता व शुचिता गणली आहे. हे गुण सर्वत्र आवश्यक असले, तरी रोजचे काम भिन्न असते. चिकित्सकाला माणसांत रमणे व अपयश पचवणे जमले पाहिजे. आरंभीचा तुटपुंजा मिळतो सोसण्याइतकी घरची स्थितीही हवी. ज्याचे मन पाकपरीक्षेत व भस्मपरीक्षेत रमते, त्याला रसशास्त्र-भैषज्यकल्पनेचे ३ वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण व औषधनिर्मिती अधिक मानवेल. मात्र तेथे परवाना व अनुसूची 'टी'मधील उत्पादन-नियमांनुसार कच्च्या मालाची तपासणी, स्वच्छता व प्रत्येक बॅचची नोंद ठेवण्याचा चिकाटीचा स्वभाव हवा. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषधे करणाऱ्या वैद्यांना या अनुसूचीतून सूट आहे. त्यामुळे दवाखान्यातच चूर्णे-काढे सिद्ध करून ही आवड आधी अजमावता येते.

ज्येष्ठ वैद्यांनी व औषधालयांच्या मालकांनी आंतरवासितेच्या काळातच नवोदितांना दोन्ही कामे जवळून दाखवावीत, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा, ही विनंती.